पाट्यावर कोण बसलं होतं

मेसेज आमच्या घरकामगार बायकांच्या ग्रुपवर आला. 'सिनेमासाठी बाई पाहिजे. वय चाळीसच्या आसपास, काळी, अंगानं वाळलेली. पाट्यावर वाटता आलं पाहिजे. भूमिका विनोदी. शूटिंग जुन्या हुबळीत.' खाली हसरे चेहरे.

एकीनं लगेच लिहिलं, 'काळी मी हाय, वाळलेली तू हैस, दोघी मिळून एक जाऊ या.' ग्रुपवर दिवसभर हसणं चाललं. मला हसू येईना. काळी, वाळलेली आणि विनोदी हे शब्द एका ओळीत आले की मी सावध होते. माझं कामच ते आहे. मी संघटनेची पत्रकं लिहिते, कन्नडमध्ये आणि मराठीत. विद्यानगरच्या ज्या घरांत कामवालीचा चहाचा कप वेगळा असतो, मागच्या खिडकीत पालथा घातलेला, त्या घरांच्या फाटकात आमची पत्रकं अडकवलेली असतात. या एका कपावरून मी निम्म्या विद्यानगरशी भांडलेली आहे.

मेसेज टाकणारा आमच्याच गल्लीतला होता. त्याचा टेम्पो आहे. सिनेमावाल्यांना माणसं, बैलगाड्या, जुने पितळी डबे गोळा करून द्यायचं काम त्यानं घेतलं होतं. मी त्याला चहाच्या गाड्यावर गाठलं.

"अण्णा, कसला सिनेमा?"

"कॉमेडी गं तंगी," तो म्हणाला. तो मला तंगीच म्हणतो, धाकटी बहीण. "पण जरा काळी कॉमेडी. खून आहेत त्यात."

"खुनात कॉमेडी कुठली आली?"

"तेच तर! मलापण कळलं नव्हतं. पण डायरेक्टरनं गोष्ट सांगितली आणि मी हसून हसून खाली बसलो. खरी घडलेली आहे, आपल्याच हुबळीत. खानावळवाला जेवायला आलेल्या व्यापाऱ्यांना विष घालून मारायचा बघ, रंजक्यातनं."

माझ्या हातातला ग्लास मी गाड्यावर ठेवला.

रंजका म्हणजे ओल्या लाल मिरचीचा ठेचा. आमच्याकडे भाकरी आहे तिथं रंजका आहे. आणि रंजक्यातलं विष हे आमच्या घरात कधीही न बोललेलं वाक्य होतं. मला ते जेमतेम माहीत होतं, तेही लहानपणी चोरून ऐकलेलं. जुन्या हुबळीत एक खानावळ होती. कापसाचे व्यापारी आणि अडते तिथं दुपारचं जेवायला यायचे. तिघं जण जेवून उठले, बडबडायला लागले, अंगावरचे कपडे ओढायला लागले आणि मेले. त्यांच्या पिशव्या नाहीशा झाल्या. मिरचीच्या बियांबरोबर धोतऱ्याच्या बिया वाटलेल्या होत्या; दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळत नाही. मालकाला जन्मठेप झाली. त्याची बायको सुटली. आणि विष वाटलं म्हणून त्यांच्या कामाच्या बाईला सहा वर्षं झाली.

ती कामाची बाई माझी पणजी. माझ्या आजोबांची आई.

"त्या बाईचा रोल लई भारी आहे," टेम्पोवाला सांगत होता. "वाटता वाटता गाणं म्हणते, मधेच जीभ लावून बघायला जाते, मालक ओरडतो, नको गं!"

तो हसत होता. याला आमचं माहीत आहे का, मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. गल्लीत कोणाला माहीत नसणार असं आम्ही धरून चाललो होतो. पणजी तुरुंगात गेल्यावर घरच्यांनी आधीची गल्ली सोडली होती. पण हा मेसेज आमच्याच ग्रुपवर का टाकला? हुबळीत बायकांचे दुसरे ग्रुप नव्हते? त्या दिवसापासून मला प्रत्येकाचा संशय यायला लागला. डायरेक्टरची माणसं गल्लीत फोटो काढत फिरायची, तेव्हा आमच्या दारापुढं ती जरा जास्त वेळ थांबतात असं वाटायचं. एकानं वडिलांना "तुम्ही किती पिढ्या इथं?" असं विचारलं. वडील म्हणाले, "कायमचे." त्यांनी दार लावून घेतलं.

वडिलांना मी विचारलं, पणजीनं नक्की काय केलं होतं? ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "मालकानं सांगितलं ते केलं असेल. गरीब माणूस दुसरं काय करणार? आता ते उकरू नकोस."

असेल, हा शब्द मी ऐकला नाही. बाकीचं वाक्य मात्र मला पुरलं.

ज्यांच्या हाताखाली मी पत्रक लिहायला शिकले त्यांना आम्ही काका म्हणतो. ते जुने कामगार कार्यकर्ते. त्यांचं शिकवणं असं: पत्रक एका पानाचं असतं, त्यात शत्रू एकच असतो, आणि वाचणाऱ्याला 'कदाचित' दिसता कामा नये. मी दोन तासांत लिहून टाकलं. मथळा मोठा, ठसठशीत: 'आमची पणजी तुमचा विनोद नाही!' खाली लिहिलं की खुनी मालक होता, बाई मजूर होती. तिनं वाटलं ते हुकूम म्हणून वाटलं. हात तिचे होते, गुन्हा त्याचा होता. आणि आज तिच्या गरिबीवर सिनेमावाले लोकांना हसवणार आहेत. 'हात तिचे, गुन्हा त्याचा' हे वाक्य मला फार आवडलं होतं. काकांनाही आवडलं. ते म्हणाले, "हे भिंतीवर लिहिण्यासारखं आहे."

घरात अजून एक माणूस होतं ज्याला विचारायला हवं होतं, त्याला मी विचारलं नाही. पणजीची मुलगी अजून आहे. वडिलांची आत्या. वय ऐंशीच्या वर, एका शाळेत झाडूकाम करून निवृत्त झालेली, आमच्याबरोबरच राहते. घरात आणि गल्लीत सगळे तिला अक्का म्हणतात. आई तुरुंगात गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. मी स्वतःला सांगितलं की या वयात तिला त्रास नको. खरं म्हणजे मला घाई होती. शूटिंग सुरू व्हायला आठवडा उरला होता.

पत्रकं जुन्या हुबळीत वाटली, अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीची पोती शिवणाऱ्या बायकांत वाटली, धारवाडच्या बसमध्ये सीटांवर ठेवली. लोकांनी वाचली. हमालांनी मला थांबवून विचारलं, "तू तिचीच पणती काय? बरं केलीस." मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी डायरेक्टरचा निरोप आला, भेटू या. त्यांनी विद्यानगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बेंगळूरचा माणूस, पस्तिशीचा, आवाज मऊ. आमचं बोलणं कन्नडमधून झालं. त्यानं मला खुर्ची दिली, बिस्किटं पुढं केली, स्वतः उठून पंखा वाढवला. मी बिस्किटाला हात लावला नाही. एवढं अगत्य मी याआधी फक्त मालकांच्या वकिलांकडे पाहिलं होतं.

"मॅडम, तुमचं पत्रक फार चांगलं आहे," तो म्हणाला.

"ते तुमच्या विरोधात आहे."

"हो, हो. पण चांगलं आहे." त्यानं एक प्लॅस्टिकची फाईल उघडली. आत माझं पत्रक होतं, इस्त्री केल्यासारखं सरळ. एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. "आमची एकच अडचण होती. जुना निकाल सांगतो की बाईनं वाटलं. पण घरच्यांनी उद्या म्हटलं की नाही वाटलं, बदनामी केली, तर? वकील म्हणत होते, घरच्यांची ना-हरकत घ्या. आता म्हणतात गरज नाही. घरच्यांनीच छापून मान्य केलंय."

रेघ 'हात तिचे, गुन्हा त्याचा' या वाक्याखाली होती.

"मी काही मान्य केलेलं नाही," मी म्हणाले.

"नाही कसं? इथं आहे ना." त्याचा आवाज अजूनही मऊ होता. "आणि मॅडम, आम्ही तिची टिंगल करत नाही. लोकांना ती सगळ्यात जास्त आवडणार. भोळी आहे बिचारी."

मी उठले. जिना उतरताना मला पहिल्यांदा वाटलं की ज्याच्यावर संशय घ्यायचा तो माणूस मी भलताच शोधत होते. पण कोणावर घ्यायचा, ते अजून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अक्का बाहेर नळावर गेली होती, ती पाणी न भरताच परत आली. तिच्या हातात माझं पत्रक होतं. टेम्पोवाल्याच्या बायकोनं तिला अर्धं वाचून दाखवलं होतं आणि मग घाबरून थांबली होती. पत्रक कन्नडमध्ये होतं. अक्का कन्नड फाडफाड बोलते, पण तिला ते वाचता येत नाही.

"हे तू लिहिलायस?"

"हो."

"वाच की मग सगळं."

मी उभ्यानंच वाचायला लागले. मराठीत सांगत गेले. चार ओळी झाल्या, तशी ती म्हणाली, "बसून वाच." मी बसले. 'तिनं वाटलं ते हुकूम म्हणून वाटलं' या ओळीपाशी तिनं हात वर केला.

"थांब. वाटलं म्हणजे? कुठं बसून वाटलं?"

"पाट्यावर, अक्का. खानावळीत."

"खानावळीच्या पाट्यावर."

"हो."

"माझी आई."

अक्का हसायला लागली. आधी नाकातून, मग खोकला येईपर्यंत. वडील आतून धावत आले. त्यांना वाटलं तिला काही झालं.

"अगं येडे," अक्का म्हणाली, "आमच्या जातीच्या बाईला त्या काळात खानावळीच्या पाट्याला हात कोण लावू देतंय? आत पाऊल टाकलं असतं तर मालकानं तिथंच मारली असती, वाटायच्या आधीच! ती मागचं आवार झाडायची. गोठा काढायची. उष्ट्या पत्रावळी उचलायची. पाणी पाहिजे तर मालकीण वरनं ओतायची, ही ओंजळ धरायची. मिरची कोरडी का ओली तेसुद्धा तिला वासावरनं कळायचं. आणि तू तिला पाट्यावर बसवलीस."

जी मुलगी वेगळ्या कपावरून विद्यानगरशी भांडते, तिच्या डोक्यात हे आलं नव्हतं. मला शिकवलेलं, मी मिरवलेलं सगळं असं होतं की माणूस म्हणजे माणूस, मजूर म्हणजे मजूर. पणजीची जात मी तिचा अपमान म्हणून दहा वेळा सांगितली असती. तिचा पुरावा म्हणून मला ती एकदाही दिसली नाही.

"मग कोर्टाला कसं नाही कळलं?" मी विचारलं. "सगळं गाव हा नियम पाळत होतं ना?"

"म्हणून तर अडकली." अक्का आता हसत नव्हती. "मालक आणि मालकीण दोघांनी शपथेवर सांगितलं, आम्ही हिला गुपचूप आत घेत होतो, वाटण हीच करायची. सरकारी वकील म्हणाला, बघा साहेब, एवढ्या मोठ्या जातीचा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय की मी बाटलो. स्वतःची जात बुडवणारं खोटं कोण बोलेल? हे साहेबाला पटलं. फाशी चुकवायला माणूस जातपण सोडतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही."

"तिचा वकील?"

"होता की. तरणा, चांगला माणूस, फुकट उभा राहिलेला." अक्कानं पत्रक माझ्या मांडीवर ठेवलं. "त्यानंपण असंच लिहून आणलं होतं. गरीब बाई, हुकुमाची ताबेदार. असं म्हण, शिक्षा कमी होईल म्हणाला. आई त्याचं ऐकली नाही. उभी राहिली आणि म्हणाली, साहेब, मला पाट्याला हात कोण लावू देतंय? सगळं कोर्ट हसलं म्हणे."

वडील दारात उभे होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं. त्यांना त्यांच्या वडिलांनी 'असेल' इतकंच सांगितलं होतं.

मग अक्कानं पुढचं सांगितलं, आणि ते सांगताना तिचा चेहरा पुन्हा फुलला. मेले तिघं. पण त्या खानावळीत वर्षभर जेवलेला निम्मा बाजार. कोर्टात बाई पाट्यावर बसायची असं ठरलं, त्या दिवसापासून विषाचं कोणी बोलेना. आपण कोणाच्या हातचं खाल्लं, हीच चर्चा. अडते रांगेनं तळ्यावर अंघोळीला. घरोघर शांती, होम. पंचगव्य पिऊन पिऊन एकदोघं इतके आजारी पडले की डॉक्टर आणावा लागला. "आई सुटून आल्यावर हेच सांगायची," अक्का म्हणाली, "विषातनं वाचलेले शेणानं पडले म्हणायची. हसून हसून तिचे डोळे भरायचे. सहा वर्षं आत बसली, पण हे तिला पुरलं."

मी विचारलं, "आता काय करायचं, अक्का?"

"मला तिथं ने. जिथं ते पाटा मांडलेत तिथं."

"ते लोक चांगले नाहीत."

"चांगले कशाला पाहिजेत? बघणारे पाहिजेत."

जुन्या हुबळीत एका जुन्या घराच्या मागच्या चौकात त्यांनी खानावळ उभी केली होती. आम्ही रिक्षातून गेलो. टेम्पोवाला दारातच होता. अक्काला बघून तो आधी हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं दारात बांधलेला दोर वर धरला आणि आम्हाला आत सोडलं. मधोमध पाटा-वरवंटा, शेजारी लाल मिरच्यांचा ढीग, वर दिवे. पाट्यावर आमच्याच संघटनेची बाई बसलेली, ग्रुपवरची ती वाळलेली. डोळ्यांत काजळ फासलेलं, केस मुद्दाम विस्कटलेले.

मला बघून ती अर्धवट उठली. "ताई, मी... ते बस म्हणाले, बसले."

अक्का सरळ तिच्यापाशी गेली. "ऊठ बाई. तू इथं नव्हतीस."

"कुठं होते मग?"

"त्या तिथं." अक्कानं मागच्या दाराबाहेर बोट दाखवलं. "उंबऱ्याच्या पलीकडं. केरसुणी घेऊन."

ती बाई उठली, पण पाट्याकडे वळून बघत म्हणाली, "मला तर बरं वाटत होतं, अक्का. माझ्या विद्यानगरच्या बाईंकडे सात वर्षं झाली, मिक्सरला हात लावू देत नाहीत. इथं एकदम पाट्यावर बसवलं. म्हटलं, सिनेमात तरी."

दिवे धरलेली मुलं हसली. तिच्या आसपासच्या दोन-तीन बायका मात्र हसल्या नाहीत. डायरेक्टर तोवर जवळ आला होता. त्यानं अक्काला नमस्कार केला, "अज्जी" म्हणून खुर्ची दिली. अक्कानं बसून सगळं पुन्हा सांगितलं, कन्नडमध्ये. उंबरा, वरून ओतलेलं पाणी, कोर्टातलं वाक्य, तळ्यावरची रांग, पंचगव्य. मी त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. कोर्टातल्या वाक्यापर्यंत तो गंभीर होता. पंचगव्यापाशी आला आणि त्याचे डोळे चमकले. असे डोळे मी पाहिलेले आहेत. वस्तीत आग लागते तेव्हा सगळ्यात आधी फोटो काढायला येणाऱ्यांचे.

"अज्जी, हे तर सोनं आहे," तो म्हणाला. "आमच्या गोष्टीपेक्षा शंभरपट."

"मग तिला पाट्यावरनं काढा," मी म्हणाले.

तो मला बाजूला घेऊन गेला. "मॅडम, मालकाची नातवंडं याच गावात आहेत, माहीत आहे ना? मोठी माणसं. मी मालकिणीला पाट्यावर बसवली की ते उभे राहतील. त्यांच्या हातात निकाल आहे. आणि तुमचं पत्रकही आहे. मी कशाच्या आधारावर बसवू?"

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला त्याचा जास्तच संशय आला. सगळ्यांना खूश ठेवायला तो शेवटी तेच शूट करणार, असं मला वाटलं. मी विचारलं, "मी छापून चूक कबूल केली तर?"

"तर निदान घरचे काय म्हणतात ते माझ्याकडे राहील."

"राहील म्हणजे दाखवणार?"

"बघू," तो म्हणाला.

बघू या शब्दावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही.

काकांकडे गेले तर ते भडकले. "पत्रक मागं घेतात का कुठं? उद्या सगळे म्हणतील, यांचं कालचं खोटं तर आजचं कशावरून खरं? गप्प बस. पत्रक आठ दिवसांत लोक विसरतात."

"निकाल नाही विसरले, काका."

"संघटनेचं नाव घालायचं नाही मग."

मी नाव घातलं नाही. खाली स्वतःचं नाव घातलं आणि त्याखाली अक्काच्या अंगठ्याशेजारी तिची मराठी सही. तिला दोन्ही हवं होतं. मथळा लहान ठेवला. 'मी चुकीचं लिहिलं.' पुढं पाच वाक्यं होती: पणजीनं वाटलं नाही, वाटणं शक्य नव्हतं, का शक्य नव्हतं, कोर्टात तिनं ते सांगितलं, आणि तेव्हा कोर्ट हसलं. पूर्ण लिहून झाल्यावर बघितलं तर पान निम्मं रिकामं होतं. तसंच छापलं.

वाटताना मला कोणी थांबवून शाबासकी दिली नाही. मार्केट यार्डात एका हमालानं दोन्ही पत्रकं शेजारी धरली आणि विचारलं, "यातलं कुठलं धरायचं?" मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "आणि तिसरं कधी येणार?" एका मोठ्या दुकानातून नोकर येऊन माझ्या हातातला गठ्ठा बघून गेला. त्या दुकानाची पाटी मी वाचली आणि मला कळलं की नातवंडांपर्यंत पोचलं. त्यानंतर आठ-दहा दिवस मी घराबाहेर पडताना मागं बघून निघत असे. काहीच झालं नाही. काही होत नाही याचाही मला संशय येत होता. त्यांनी डायरेक्टरशी परस्पर मिटवलं असेल, असं मी वडिलांना म्हणाले. वडील या वेळी पेपर खाली ठेवून म्हणाले, "असेल. पण आपलं लिहून झालं."

सिनेमा लागायला पुढं बरेच महिने गेले. डायरेक्टरनं फोन उचलणं बंद केलं होतं. लागला त्या आठवड्यात वडील, अक्का आणि मी दुपारच्या खेळाला गेलो. अक्कानं शाळेच्या निरोपसमारंभात मिळालेली साडी नेसली. मी खुर्चीत तिरकी बसले होते, कारण मला पडद्यापेक्षा लोक बघायचे होते.

पहिला व्यापारी जेवायला बसला. चौक आला, मिरच्यांचा ढीग आला. पाट्यावर मालकीण बसली होती. गोरी, पदर खोचलेली, वरवंटा दोन्ही हातांनी ओढत होती. तिच्या मागच्या दारातून, उंबऱ्याच्या पलीकडे, आमची संघटनेची बाई केर काढत जाताना दिसली. तिला कोणी ओळखलं नाही. ती एवढीच, मागून जाणारी.

मग कोर्ट. ती उभी राहिली आणि म्हणाली, साहेब, मला पाट्याला हात कोण लावू देतंय? पडद्यावरचं कोर्ट हसलं. आणि थिएटरही हसलं. हे कोणाला हसतात, तिला की त्यांना, मी मान वळवून वळवून बघत होते. अंधारात दात दिसत होते, त्यावरून काही कळत नव्हतं. तळ्यावरची रांग आली तेव्हा मात्र थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आमच्या पुढच्या रांगेतले दोघं तिघं हसता हसता मधेच थांबले, एकमेकांकडे बघितलं. त्यातला एक उठून गेला, तो परत आला नाही. अक्का पुढं वाकून, दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर ठेवून बघत होती. तिचं हसणं मला ओळखू आलं, नाकातून सुरू झालेलं.

बाहेर आल्यावर मी डायरेक्टरला फोन लावला. त्या दिवशी त्यानं उचलला. मी विचारलं, घाबरला नाहीत का? तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही शूट केलं होतं. आधी आमच्या लोकांना दाखवलं. अज्जीचं जास्त चाललं."

जास्त चाललं. म्हणजे कमी चाललं असतं, तर माझी पणजी आज सगळ्या कर्नाटकात वरवंटा ओढत बसली असती. मी हे रिक्षात अक्काला सांगितलं. चांगलीच चिडून सांगितलं. म्हणाले की याला न्याय म्हणायचा नाही, याच्यावर लिहायला पाहिजे.

"लिही की," अक्का म्हणाली. "त्याच्या मनात काय होतं ते तू शोधत बस, तुला ते आवडतं. मी पाटा बघायला गेले होते. त्याच्यावर आई नव्हती."

मंगळवारी ती पुन्हा गेली, टेम्पोवाल्याच्या बायकोला घेऊन. मी कामगार खात्याच्या दारात निदर्शनाला बसले होते म्हणून जाता आलं नाही. ती बाई नंतर मला सांगत होती, अक्का सिनेमा चालू असताना मोठ्यानं बोलत होती, लोक शुक् शुक् करत होते. ती दाराबाहेरची बाई पडद्यावर आली की अक्का शेजारच्या अनोळखी माणसालाही हलवून सांगायची, "ती माझी आई बघा. ती, केर काढायलीय ती."